चालकाच्या बाजूचा पाटा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. वरवंट्याबरोबर चटणी वाटतो तो दगडी पाटा नव्हे हं. तो वेगळा, आणि त्याचा माझा काही सोयरसंबंध नाही. मी गाडीचा पाटा. जड गाड्यांच्या चाकांवर, चासीच्या म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या खाली, धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या पट्ट्यांतली सगळ्यांत वरची, सगळ्यांत लांब पट्टी म्हणजे मी. घरात थोरला असतो ना, तसा मी आमच्यातला थोरला.

थोरला असल्यामुळे मी जरा ताठ आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझं बोलणं तुम्हाला कडक वाटलं तर मनावर घेऊ नका. पोलादाला मऊ बोलता येत नाही. आम्हाला भट्टीत लाल करतात, दाबून बाक देतात आणि तशाच तापलेल्या अंगानं तेलात बुडवतात. त्या वेळी जो चर्र आवाज होतो तीच आमची पहिली किंकाळी. त्यानंतर जन्मभर एकच काम: कुणी दाबलं की दबायचं, आणि ओझं उतरलं की पुन्हा आपल्या मूळ बाकात यायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

माझ्या खाली माझे सहा धाकटे भाऊ, प्रत्येक जण वरच्यापेक्षा थोडा आखूड. मधोमध एक बोल्ट आम्हा सातांना आरपार बांधून ठेवायचा. माझ्या दोन्ही टोकांना वळवून केलेले डोळे आहेत, ते चासीला अडकवलेले असायचे आणि पोटाखाली दोन चाकांना जोडणारा आडवा एक्सल घट्ट आवळलेला. तेव्हा आमच्याकडे खरं म्हणजे दोन कामं होती. गाडीचं ओझं पेलायचं, हे एक. ते सगळ्यांना दिसतं. दुसरं कुणाच्या लक्षातच येत नाही. एक्सलला जागेवर धरून ठेवायचं, पुढेमागे किंवा आजूबाजूला सरकू द्यायचं नाही. प्रत्येक घरात असं एखादं माणूस असतंच, जे राबतंही आणि सगळ्यांना धरूनही ठेवतं. लोक त्याच्या राबण्याचं कौतुक करतात, धरून ठेवण्याचं कुणी करत नाही.

आमची गाडी म्हणजे चारही चाकांना जोर असलेली, उघड्या हौद्याची, जाड पत्र्याची जुनी डोंगरी गाडी. तिचे मालक मधाचा धंदा करायचे. घरामागच्या उतारावर मधमाश्यांच्या लाकडी पेट्या मांडलेल्या असत. खालची फुलं संपली की त्या पेट्या हौद्यात दोरांनी बांधून वरच्या पठारावर न्यायच्या, कारण तिथला बहर उशिरा येतो. पेट्या वर गेल्या नाहीत तर माश्या उपाशी मरतात. आणि वर जायचा रस्ता कसला? निम्मा रस्ता म्हणजे कोरडा ओढाच. डोक्याएवढे धोंडे, मध्ये खड्डे आणि एका बाजूला कायमचा उतार.

त्या ओढ्यात मी पुढच्या चाकावर, चालकाच्या बाजूला होतो. म्हणजे मालकांच्या बरोब्बर खाली. त्यांनी शिंक दिली तरी मला कळायची. धोंड्यावर चाक चढलं की आम्ही सातही भाऊ दात-ओठ खाऊन दबायचो आणि पलीकडे उतरलं की उसळायचो. वर पोचल्यावर मालक खाली उतरून मडगार्डवर थाप मारायचे आणि म्हणायचे, पाटे आहेत की चेष्टा! एवढ्या कौतुकावर आमचं वर्ष निघायचं.

आता मालकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. गाडी घेतली तेव्हा ते काडीपैलवान होते. पुढे मधाचा धंदा वाढला, तसे तेही वाढले. प्रत्येक पेटीतला मध चाखून बघणं हे आपलं कर्तव्यच आहे असं ते म्हणायचे, आणि कर्तव्याला ते कधी चुकले नाहीत. काही वर्षांतच असं झालं की ते आत बसले की गाडी त्यांच्या बाजूला कलायची. मालकीणबाई दारात उभ्या राहून बघायच्या. मालक म्हणायचे, या बाजूचा पाटा थकलाय. त्यावर मालकीणबाई म्हणायच्या की पाटा ठणठणीत आहे, थकलंय ते पोटाखालचं सीट.

हे मालकांना लागलं. ते कुणाला न सांगता एका लोहाराकडे गेले आणि दुसऱ्या कुठल्या गाडीच्या पाट्यांतला एक पाटा कापून आणून त्यांनी तो आमच्यात घुसवला. फक्त आमच्या बाजूला. आम्ही सात भाऊ, हा आठवा. परक्या भट्टीतला, परक्या बाकाचा. आला आणि आमच्या कुशीत जो बसला तो कायमचाच. आम्ही त्याचं नाव घरजावई ठेवलं. कुणाला दिसू नये म्हणून मालकांनी चारही चाकांच्या पाट्यांना ग्रीस चोपडून वरून चामड्याचा पट्टा गुंडाळला आणि शिवून टाकला. विचारलं तर सांगायचे, धूळ जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मालक ऐटीत गाडीत बसले. गाडी सरळ. मग मालकीणबाईंना हाक मारून म्हणाले, बघ, वजन उतरलंय की नाही? त्या बिचाऱ्या वाकून वाकून बघत राहिल्या. आम्ही आठही जण खाली गुदगुल्या झाल्यासारखे करकरत होतो. पण पाट्याला तोंड कुठे असतं?

त्या दिवसापासून गाडीला एक सवय लागली. मालक आत नसले की ती उलट्या बाजूला थोडी झुकून उभी राहायची आणि मालक बसले की सरळ व्हायची. वर्षांमागून वर्षं गेली. मालकीणबाईंना आठवा पाटा कधी कळलाच नाही, आणि पुढे खुद्द मालकांनाही त्याचा विसर पडला. एखादी थाप पुरेशी वर्षं मारली की मारणाऱ्यालाच ती खरी वाटायला लागते. आपण अंगानं बेताचेच आहोत आणि आपली गाडी जन्मजात सरळ आहे, असं ते मनापासून मानू लागले.

मित्रांनो, सुखाचे दिवस सरले की गंज चढतो. चामड्याच्या आतलं ग्रीस केव्हाच वाळून गेलं आणि नवीन घालायचं कुणाला सुचलं नाही. पाट्यावर पाटा कोरडा घासू लागला. आम्ही कुरकुरायला लागलो. कुर्र-कुईं, कुर्र-कुईं, असा आवाज खालच्या वळणापासून यायचा. तो ऐकला की मालकीणबाई चुलीवर चहाचं आधण ठेवायच्या. गाडी दारात येईपर्यंत चहा तयार. आमच्या दुखण्याचा कुणाला तरी उपयोग होता, एवढंच समाधान.

कोरडे पाटे दबत नाहीत. आम्ही ताठ झालो, आणि आमचा प्रत्येक दणका सरळ वर मालकांच्या पाठीत जाऊ लागला. पेट्याही उडायच्या. आतली मेणाची पोळी मोडायची, माश्या चिडायच्या आणि मालक गाडीतून उतरायचे ते कमरेवर हात ठेवून, वाकलेले. मी बाकदारच जन्मलो, पण मालकांना असा बाक आलेला मला बघवत नव्हता. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा मणका असे दणके यापुढे सोसणार नाही. एक तर गाडीचे दणके थांबवा, नाही तर तुम्ही गाडीत बसणं थांबवा. नाही ऐकलंत तर उरलेलं आयुष्य खाटेवर काढावं लागेल.

घरी येऊन मालकांनी डॉक्टरांना चिकार शिव्या दिल्या. मग पेट्या मोजायला गेले. कारण उघड होतं. ते वर गेले नाहीत तर पेट्या वर नेणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलगा शाळेत मास्तर, आणि एक माशी चावली तरी त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजायचं. पेट्या विकून टाकायच्या, एवढाच मार्ग उरला होता. आणि पेट्या गेल्या की मालक काय करणार? सकाळी उठून उताराकडे बघत बसणार.

अशा वेळी सूनबाई पुढे झाली. तिचं घराशेजारीच फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. फाटकं, जिने, ट्रॉल्या, काय म्हणाल ते बनवायची. तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढवला की कुणाची सून आणि कुणाचं काय! ती म्हणाली, बाबा, गाडीचे पाटेच काढून टाकू. पुढे-मागे कॉइल स्प्रिंगा घालू आणि एक्सल दांड्यांनी धरू. लिंक म्हणतात त्यांना. ओढ्यातून गाडी लोण्यावरून गेल्यासारखी जाईल.

मालकांनी ताट बाजूला सारलं. या पाट्यांनी मला इतकी वर्षं वर नेऊन खाली आणलंय, म्हणाले. पाटे काढले तर ती गाडी माझी उरणार नाही, दुसऱ्या कुणाची तरी होईल. मालकीणबाईंनी ताट पुन्हा पुढे सरकवलं आणि विचारलं की तुम्हाला गाडी हवी आहे की पाटे? मालक उठले, जाता जाता म्हणाले, करा काय ते. मी वर्कशॉपमध्ये पाऊल ठेवणार नाही.

आणि खरंच ठेवलं नाही. गाडी जॅकवर चढली तेव्हा ते उतारावर पेट्यांपाशी पाठ करून बसले होते.

मला जमिनीवर ठेवलं तेव्हा काय वाटलं ते सांगतो. अपमान वाटला. सूनबाईनं आम्हाला भिंतीशी टेकवलं आणि आमच्या जागी जी वरात आणली, ती बघून मला हसूही आलं. ओझं पेलायला गुंडाळलेली एक स्प्रिंग. उसळी आवरायला शॉकअप. एक्सल पुढेमागे सरकू नये म्हणून वर दांडे, खाली दांडे. तो आडवा सरकू नये म्हणून आणखी एक आडवा दांडा. प्रत्येक दांड्याच्या टोकाला रबराचा बुश. माझ्या एकट्याच्या कामाला एवढी मंडळी! पण मग वाटलं, एवढी मंडळी लागली म्हणजे मी काय काय करत होतो हे निदान कुणाला तरी कळलं. सूनबाईला ते कळलं होतं. एक दांडा जोडताना ती माझ्याकडे बघून स्वतःशीच म्हणाली होती, तू हे सगळं एकट्यानं करायचास होय रे?

तेव्हापासून माझा तिच्यावरचा राग थोडा उतरला. पूर्ण नाही. थोडा.

काम चोख झालं. चारही बाजूंना सारख्या उंचीच्या नव्या स्प्रिंगा. गाडी जॅकवरून उतरली तेव्हा सूनबाईनं पुढच्या आडव्या पत्र्यावर पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी, ठेवली. बुडबुडा मधोमध. याआधी रिकामी गाडी एका बाजूला झुकलेली तिनं पाहिली होती आणि त्या बाजूचे पाटे थकले असावेत असं तिला वाटलं होतं. आता ती झुकलेली नाही याचा तिला केवढा आनंद! सगळे बोल्ट तिथल्या तिथे आवळून तिनं स्वतः गाडी ओढ्यापर्यंत नेऊन आणली. कुरकुर नाही, दणका नाही. मालकीणबाईंना तर गाडी परत आलेली कळलीच नाही.

मी भिंतीशी उभा राहून ओरडत होतो. अगं बाई, मालकांना बसव! त्यांना बसवून बघ! पण पाट्याचं कोण ऐकतं? चामड्यात शिवलेला घरजावई तर माझ्यापेक्षा जास्त तळमळत होता. त्याला पहिल्यांदाच कळलं होतं की तो कशासाठी आहे.

दोन-चार दिवसांनी मालकीणबाईंनी विनवण्या करून मालकांना तयार केलं. हौद्यात थोड्या रिकाम्या पेट्या बांधल्या आणि मालक एकटेच निघाले. कुणी बरोबर नको, म्हणाले.

ते परत आले ते पायी. दुपार उतरली होती. मी वर्कशॉपच्या दारातून बघत होतो. कमरेवर हात, चपला धुळीनं माखलेल्या. सूनबाई धावत पुढे गेली. मालक अंगणातल्या दगडावर बसले आणि त्यांनी चपला काढून झटकल्या. मग म्हणाले की ओढ्यात, रस्ता आधीच जिथे एका अंगाला उतरता आहे तिथे, गाडी त्यांच्याच बाजूला कलली. ते सावरून बसले, तर आणखी कलली. पेट्या घसरून एका बाजूला आल्या. आता गाडी उलटते आणि आपल्याला खाली घेते असं वाटून ते उतरले. उतरल्याबरोबर गाडी सरळ उभी राहिली.

"मी बसलो की कलते आणि मी उतरलो की सरळ उभी राहते," ते म्हणाले. "गाडीलाच मी नकोसा झालोय, सूनबाई. तिनं तोंडावर सांगितलं."

सूनबाईला रडू कोसळेल असं मला वाटलं. पण ती रडली नाही. गाडी घरी आणली, जॅकवर चढवली आणि सगळं पुन्हा तपासलं. दांड्यांची लांबी मोजली, जोडांचं वेल्डिंग ठोकून पाहिलं, स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी उभ्या केल्या. सगळं बरोबर. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. मालक तर गाडीकडे फिरकतही नव्हते, त्यामुळे चूक सापडणार कशी? ती चूक मालक नसताना हजरच नव्हती.

इकडे मालकांनी दुसऱ्या एका मधवाल्याला निरोप धाडला की पेट्या घेऊन जा. खालची फुलं सुकायला लागली होती आणि थांबायला वेळ नव्हता. तो मधवाला दोन दिवसांनी येणार होता. मालक सारखे पेट्यांचं झाकण उघडून आत बघायचे आणि हळूच बंद करायचे. मालकीणबाईंनी टोमणे मारणंही सोडून दिलं होतं. मित्रांनो, पोलाद भट्टीत वितळतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ते असंही वितळतं, हे मला तेव्हा कळलं.

आता ऐका गंमत. तो मधवाला यायच्या आदल्या दिवशी भंगारवाला आला. हातगाडी दारात उभी करून त्यानं हाक मारली. सूनबाईचं मन कशातच नव्हतं. ती म्हणाली, ते पाटे घेऊन जा, आणि आमचा पुढचा जोड उचलून तिनं भराभर शेजारी शेजारी ठेवला. आधी पलीकडच्या बाजूचा, मग मी. ठेवता ठेवता तिचा हात थांबला. एकाच गाडीचे, एकाच बाजाचे दोन पाटे, आणि माझा गठ्ठा शेजारच्यापेक्षा बोटभर उंच? तिनं पुन्हा उचलून पाहिलं. वजनालाही मीच जड. भंगारवाला घाई करत होता. तिनं त्याला थांब म्हटलं, चाकू आणला आणि माझ्या अंगावरचा चामड्याचा पट्टा उभा चिरला. वर्षानुवर्षांची वाळलेली माती भसकन खाली पडली.

ती मोजायला लागली. सात झाल्यावर थांबायला हवं होतं. घरजावई गालात हसत उभा होता.

मालकीणबाई तेवढ्यात चहा घेऊन आल्या. त्यांनी आठवा पाटा पाहिला, त्याचा वेगळा रंग पाहिला, तो कुठल्या बाजूचा ते विचारलं. चालकाच्या, सूनबाई म्हणाली. मालकीणबाईंनी कपबशी खाली ठेवली. वजन उतरलंय म्हणून आपल्याला गाडीभोवती वाकवून वाकवून फिरवलं होतं तो दिवस त्यांना आठवला असावा. त्या आधी म्हणाल्या, अस्सं! आणि मग खांबाला धरून इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढी वर्षं मला फसवलं या माणसानं, म्हणाल्या, आणि शेवटी स्वतःलाच फसवून बसला!

सूनबाई हसली नाही. ती घरजावयाला हातात घेऊन तशीच उतारावर गेली. मला तिथलं काही ऐकू आलं नसतं, पण मालकीणबाईंनी पुढे हे बोलणं इतक्या वेळा साभिनय सांगितलंय की मला तोंडपाठ झालंय. सूनबाईनं पाटा मालकांच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, हा कुणाचा? मालकांनी तो उलटापालटा करून पाहिला. मग कान लाल झालेल्या मुलासारखे खाली मान घालून म्हणाले, माझा.

"बाबा, गाडीला तुम्ही नकोसे झालेला नाहीत," सूनबाई म्हणाली. "मी तुम्हाला न बसवताच तिची मापं घेतली. चुकलं ते माझं. ही गाडी तुम्ही बसल्याशिवाय सरळ उभी राहतच नव्हती, आणि यापुढेही राहू नये. चला, बसायला चला."

मालकांनी पेटीवरून हात फिरवला आणि ते उठले.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पुन्हा सगळं झालं, पण वेगळ्या रीतीनं. सूनबाईनं चालकाच्या बाजूच्या स्प्रिंगखाली एक जाड चकती बसवली. सगळ्या दांड्यांचे बोल्ट सैल केले. हौद्यात मधानं जड झालेल्या पेट्या, आतल्या माश्यांसकट, दारावर जाळी लावून नेहमीच्या जागी बांधल्या. मग मालकांना आत बसवलं आणि स्वतः गाडीखाली शिरली. रबराच्या बुशांचं असं असतं, मित्रांनो: गाडी रिकामी असताना बोल्ट आवळले तर ओझं आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. ओझं घेऊन गाडी जशी उभी राहणार, तशीच ती उभी असताना आवळावे लागतात.

मालक सीटवर पुतळ्यासारखे बसून होते. हलायचं नाही असं सूनबाईनं बजावलं होतं. जाळीतून निसटलेली एक माशी येऊन नाकावर बसली, तरी त्यांनी हात उचलला नाही. किती वेळ, असं त्यांनी एकदाच विचारलं. मी सांगेपर्यंत, असं खालून उत्तर आलं. मालकीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या की पोट आत ओढू नका, नाहीतर माप पुन्हा चुकेल. मालकांनी पोट सोडलं. सुस्कारा टाकून पूर्ण सोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्या सीटवर आपल्या खऱ्या वजनानिशी बसले होते, आणि त्यांचा चेहरा बघून मला वाटलं की खोटं बोलण्याचं ओझं बहुतेक आठव्या पाट्यापेक्षा जड असावं.

सूनबाई खालून बाहेर आली, ग्रीसनं काळीकुट्ट. तिनं पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे गेला, उजवीकडे गेला आणि मधोमध थांबला. मग तिनं मालकांना उतरायला सांगितलं. गाडी हळूच पलीकडे झुकली, अगदी पूर्वीसारखी.

"बघितलंत?" ती म्हणाली. "तुमची आहे."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मालक पेट्या घेऊन निघाले. दुसऱ्या मधवाल्याला येऊ नको म्हणून निरोप गेला होता. सूनबाईनं बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले, पण या वेळी नको म्हणण्यात राग नव्हता. मालकीणबाई वळणाकडे कान लावून बसल्या होत्या. सूनबाई एकच फाटक तीनदा घासत होती. आणि मी भिंतीशी उभा राहून मनाशी म्हणत होतो, त्यांना पायी येऊ देऊ नको, देवा, पायी येऊ देऊ नको. ज्यांनी माझी जागा घेतली त्या दांड्यांसाठी मी प्रार्थना करत होतो. एवढा मोठेपणा माझ्यात कुठून आला, मलाही माहीत नाही.

संध्याकाळ झाली. वळणावर कुरकुर झाली नाही. आवाज कुठलाच आला नाही, आणि मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्या उठून दिवा लावायला वळल्या, तर मालक उंबऱ्यात उभे. गाडी दारात कधी येऊन थांबली, कुणाला कळलं नव्हतं.

"चहा नाही ठेवलास?" त्यांनी विचारलं.

मालकीणबाईंनी चुलीकडे पाहिलंच नाही. त्या त्यांच्या हातांकडे बघत होत्या. कारण मालक ताठ उभे होते आणि त्यांचा एकही हात कमरेवर नव्हता.

आता माझं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. चहा वेळेवर मिळत नाही ही तक्रार त्या घरात जास्त दिवस चालण्यासारखी नव्हती. सूनबाईनं मला घासून पुसून वळणावरच्या फाटकाच्या कमानीला, माझ्याच एका डोळ्यात साखळी घालून टांगलं. माझे सहा भाऊ वर्कशॉपमध्ये आहेत. कुणाची छिन्नी झाली, कुणी दाराचा अडसर झाला. भंगारात कुणीच गेलं नाही. आणि घरजावई? त्याला तापवून, चपटा करून, टोकाला धार लावून सूनबाईनं त्याची पेटीची झाकणं उचकटायची पट्टी केली. ती कायम मालकांच्या खिशात असते. पठारावरून येताना मालक फाटकाशी गाडी थांबवतात, खिशातून घरजावयाला काढतात आणि त्यानं माझ्या पोटावर एक टोला हाणतात. ठण्ण! घरापर्यंत ऐकू जातो. म्हणजे या वयात मला घरजावयाचा मार खायची पाळी आली आहे. पण तिकडे आधण चढतं, म्हणून सहन करतो.

मित्रांनो, मी गंजलेला असलो तरी हट्टी नाही. जुनं काढून नवं बसवा, जरूर बसवा. माझे दणके खाऊन कुणाची पाठ मोडावी असं मला कधीच वाटलं नव्हतं. वेळच्या वेळी थोडं ग्रीस घातलंत तर आमच्यासारखे म्हातारेही बरेच दिवस नीट चालतात, तेवढं विसरू नका. आणि तुमच्या घरात कधी काही बदलायला काढलंत, तर माझं एक ऐका. तिथे रोज बसणाऱ्या माणसाला आधी हाक मारा. रुसलं असेल तर समजूत काढा, उतारावर जाऊन बसलं असेल तर तिथवर जा. त्याला त्याच्या जागेवर, त्याच्या सगळ्या वजनासकट बसू द्या. बोल्ट मग आवळा.

थांबा, ओढ्याच्या बाजूला धूळ उडताना दिसतेय. आवाज काही येत नाही, म्हणजे आमचीच गाडी असणार. आता मला टोला बसेल.